‘सात सिक्रेट सेटिंग’ आणि आमच्या हळदीचं वाटोळं

सोमवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. “मामा, हळदीचं फुटेज ड्राइव्हवर टाकलंय, जरा कलर तेवढा करून दे ना, बाकी सेटिंग मी एकदम सिनेमावाली ठेवलेली.” सिनेमावाली म्हटल्यावरच पोटात गोळा आला. मी पुण्यात बसून लग्नांचं फुटेज एडिट करतो, बारा वर्षं झाली, आणि अनुभव असा की शूट करणारा “सिनेमॅटिक” म्हणाला की माझी एक रात्र गेली. यावेळी तीन गेल्या.

फाइल उघडली. कऱ्हाडला घरासमोर मांडव, सकाळची दहा-साडेदहाची वेळ, वर पिवळं-गुलाबी कापड, मागं उघडं अंगण आणि त्यात कडक ऊन. नवरी म्हणजे भाच्याची चुलत बहीण, पाटावर बसलेली, आणि तिची आजी आंब्याच्या पानानं हळद लावतीये. फ्रेम छान धरलेली हो पोरानं, आजीचा थरथरता हात, बांगड्या, सगळं. पण चेहरा? पावसाळ्यात भिंतीला ओल येते ना, तो रंग. उजळवायला गेलो तर गालावर मुंग्या चालायला लागल्या, अजून उजळवला तर हिरवट चौकोन दिसायला लागले, आणि मागच्या भिंतीवर सावली हळूहळू उतरायच्या ऐवजी जिन्याच्या पायऱ्यांसारखी टप्प्याटप्प्यानं उतरलेली. हळद तेवढी हळदीसारखी दिसत नव्हती, बाकी सगळं हिरवं-पिवळं.

“हे कुणी सांगितलं तुला?” तर त्यानं मेसेज फॉरवर्ड केला. वर बाण दोन, म्हणजे बऱ्याच गावांचं पाणी पिऊन आलेला. गंमत म्हणजे तोच मेसेज बुधवारी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पण आला, गणपतीचं शूटिंग कोण करणार यावरून चर्चा चाललेली त्यात. म्हणून आता बसलोय लिहायला, कारण प्रत्येकाला वेगळं समजवायला माझ्याकडं तेवढा वेळ नाही आणि तेवढी सहनशक्ती तर अजिबात नाही.

मेसेज थोडक्यात असा. “कॅमेरा कंपन्या तुम्हाला सांगत नाहीत अशा सात सिक्रेट सेटिंग.” एक, कायम एस-लॉग3 (सोनीचा लॉग प्रोफाइल, म्हणजे चित्र सपाट, फिकं करून भरायची पद्धत) मध्येच शूट करा, 14 स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) डायनॅमिक रेंज (काळ्यापासून उजळापर्यंतचा पट्टा) मिळते, साधा प्रोफाइल म्हणजे पैसे पाण्यात. दोन, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100 वर लॉक करा आणि दोन स्टॉप अंडर, म्हणजे अंधारं, ठेवा, शॅडो एडिटमध्ये उचलता येतात. तीन, झेब्रा (ठरवलेल्या उजळपणाला स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय) 70 ठेवा, चेहऱ्यावर पट्टे आले की एक्सपोजर परफेक्ट. चार, व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणं रंग जुळवायची सेटिंग) ऑटो, लॉगमध्ये रंग नंतर कसाही बदलता येतो. पाच, शार्पनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन सगळं खाली. सहा, 24 फ्रेम, आणि स्लो मोशनला 60 फ्रेमवर शटर 1/120. सात, शेवटी लट (रंग बदलणारी तयार फाइल) मारा, सिनेमा तयार, 50 लट फक्त 199 रुपयात, लिंक खाली.

सगळा मेसेज त्या सातव्या मुद्द्यासाठी लिहिलाय हे शेंबड्या पोराला पण कळेल. असो.

आधी ते “कंपन्या सांगत नाहीत”. अरे बाबांनो, सोनीच्या मदत-पुस्तिकेत, फुकट, नेटवर, सरळ लिहिलंय की एस-लॉग वापरला तर नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, बाकीच्या गॅमापेक्षा (उजेड फाइलमध्ये भरायच्या वक्रांपेक्षा) जास्त दिसू शकतो, तसं झालं तर जास्त उजळ शूट करा म्हणजे सुधारेल, मात्र तेवढी रेंज कमी होईल, आणि आधी टेस्ट शूट घेऊन बघा. जास्त उजळ! मेसेजच्या दोन नंबरच्या बरोबर उलटं. आणि सोनीचाच एस-लॉग3 चा टेक्निकल कागद पण उघडा पडलाय, त्यात तक्ता आहे, 18 टक्के ग्रे (एक्सपोजर मोजायचा ठरलेला मधला करडा) कुठं बसतो, पांढरं कुठं बसतं, सूत्रासकट. मी खाली जे आकडे देतोय ते त्याच सूत्रात कॅल्क्युलेटर घेऊन काढलेत, ज्याला शंका आहे त्यानं स्वतः काढून बघावेत.

आता मूळ दुखणं. लॉग म्हणजे जास्त रेंज “मिळते” हे डोक्यातून काढा. रेंज सेन्सरची असते. सेन्सरनं उजेड पकडला, आता तो फाइलमध्ये कसा भरायचा एवढंच प्रोफाइल ठरवतो. हे वाटणीसारखं आहे. बापाची जमीन तेवढीच, चार भावांत वाटली तर प्रत्येकाला बऱ्यापैकी येते, चौदा जणांत वाटली तर एकेकाला घर बांधण्यापुरती. भाच्याचा कॅमेरा म्हणजे सोनी झेडव्ही-ई10, 2021 चा, आत रेकॉर्ड करतो 8 बिट 4:2:0 (रंगाचा तपशील बराच कापलेला). आठ बिट म्हणजे प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या, त्यातल्या व्हिडिओ मुख्यतः 16 ते 235 वापरतो, म्हणजे 219 गुंठे समजा. साध्या रेक 709 (टीव्हीचं नेहमीचं मानक) मध्ये मधल्या ग्रेच्या वरच्या एका स्टॉपला साधारण 41 पायऱ्या येतात आणि खालच्या स्टॉपला 30. चेहरा याच पट्ट्यात असतो. एस-लॉग3 मध्ये त्याच दोन स्टॉपना येतात 19 आणि 18. म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी अख्खं लग्न शूट करताय त्याच्या वाटणीची जवळजवळ निम्मी जमीन तुम्ही मागच्या अंगणातल्या उन्हाला देऊन टाकली. आणि मग एडिटमध्ये कॉन्ट्रास्ट ताणून त्या 19 पायऱ्यांच्या पुन्हा 40 करायला जाता तेव्हा मधल्या पायऱ्या येणार कुठून, त्या नाहीतच, म्हणून भिंतीवर जिना दिसतो.

दहा बिट असेल तर 1024 पायऱ्या, मग त्याच स्टॉपला पंच्याहत्तरच्या आसपास येतात आणि चौदा भावांत वाटून पण कुणी उपाशी राहत नाही. लॉग ही गोष्ट जन्मलीच तशी. कोडॅकनं 1990 च्या दशकात फिल्म स्कॅन करायला सिनिऑन काढलं, ते 10 बिट लॉग होतं. तेव्हा ज्याच्याकडं ए7 फोर, ए7एस थ्री, झेडव्ही-ई10 चं 2024 चं दुसरं मॉडेल असला 10 बिट 4:2:2 (रंग कमी कापणारा) कॅमेरा आहे, आणि एडिट करणारा माणूस माहितीतला आहे, त्यानं खुशाल लॉग वापरावा, मी स्वतः मागून घेतो. एवढं मान्य. ॲपल लॉगवाल्या आयफोनला पण माझी हरकत नाही, तो पण 10 बिटच लिहितो. पण “कायम” आणि “साधा प्रोफाइल म्हणजे पैसे पाण्यात” हे मान्य नाही, कदापि नाही.

आता दोन आणि तीन नंबर, आणि इथं माझं डोकं खरं फिरलं.

आयएसओ 100 वर लॉक करा म्हणे. झेडव्ही-ई10 वर एस-लॉग3 निवडला की आयएसओ 500 च्या खाली जातच नाही. ए7 थ्रीवर 800 च्या खाली नाही. ए7एस थ्रीवर बेस 640. म्हणजे ज्यानं हे लिहिलं त्यानं कॅमेऱ्यात पीपी8 (आठवा पिक्चर प्रोफाइल, एस-लॉग3 वाला) लावून आयएसओची चकती एकदा पण फिरवलेली नाही, एकदा पण! भाच्यानं फिरवली, 500 ला अडकली, त्याला वाटलं आपलाच कॅमेरा हलका, मोठ्या कॅमेऱ्यात जात असेल 100 वर. मग मांडवाच्या कापडाखाली, जिथं मुळात उजेड कमी, तिथं 500 आणि वर दोन स्टॉप अंडर.

दोन स्टॉप अंडर म्हणजे काय तर उजेड चौथा हिस्सा. चौथ्या हिश्श्याचा उजेड म्हणजे उजेडाचा स्वतःचा जो दाणा असतो तो चित्राच्या मानानं दुप्पट. हे कुठल्या पण कॅमेऱ्यात, कुठल्या पण प्रोफाइलमध्ये. वर लॉगमध्ये मधला ग्रे जो 41 टक्क्यांवर बसायला पाहिजे तो येतो 25 टक्क्यांवर, आणि तिथून खाली पायऱ्या अजून बारीक होत जातात, 15 वगैरे. आता त्या नवरीचा रंग सावळा, आमच्या घरात सगळ्यांचाच, म्हणजे चेहरा ग्रेच्या पण थोडा खाली. त्याला उचलायचं म्हणजे विहिरीच्या तळातला गाळ उपसून पाणी म्हणून प्यायचं. “शॅडो उचलता येतात” हे वाक्य महागड्या सिनेमा कॅमेऱ्याच्या रॉ (सेन्सरचा कच्चा माल) फाइलवर थोडंफार चालतं, शंभर मेगाबिटच्या 8 बिट फाइलवर नाही चालत, तिथं कॉम्प्रेशननं काळ्या भागातला तपशील आधीच कापून टाकलेला असतो. ते हिरवट चौकोन म्हणजे तेच.

अर्धं वाक्य खरं आहे, ते पण सांगतो नाहीतर म्हणाल मामा एकतर्फी बोलतोय. उडालेला हायलाइट (फार उजळून पांढरा पडलेला भाग) परत येत नाही, हे शंभर टक्के खरं. साध्या प्रोफाइलमध्ये पांढरं धोतर उन्हात गेलं की गेलं. पण लॉगचा वक्र हायलाइटला मुळातच एवढी जागा ठेवतो की वर अजून अंडर करायची गरजच राहत नाही. सोनीच्या त्या तक्त्यात 90 टक्के पांढरं, म्हणजे कोरा कागद समजा, बसतं 61 टक्क्यांवर. त्याच्या वर अख्खा माळा रिकामा. म्हणून 8 बिटवाल्यानं लॉग वापरायचाच हट्ट असेल तर उलट एक-दीड स्टॉप वर ठेवावा, ग्रे कार्ड 41 च्या ऐवजी पन्नासच्या थोडं वर दिसलं तरी चालेल, आणि झेब्रा 94 वर ठेवून फक्त काय उडतंय ते बघावं.

आणि आता तो झेब्रा 70. हा मुद्दा वाचून मी खरंच हसलो, मग फुटेज आठवलं आणि हसू गेलं. 70 चा नियम आला गोऱ्या लोकांच्या टीव्ही शूटिंगमधून, रेक 709 मध्ये, गोऱ्या कातडीचा उजळ भाग 70 टक्क्यांना यावा असा. सावळ्या चेहऱ्याला तो तिथं पण जास्तच होतो, साध्या प्रोफाइलमध्ये मी आपल्याकडच्या चेहऱ्यांना 50 ते 60 च्या मधे बघतो, माणसागणिक. पण एस-लॉग3 मध्ये 70? कोरा कागद 61 वर, आणि चेहरा 70 वर! सूत्रात घातलं तर 70 म्हणजे कोऱ्या कागदापेक्षा पण एक स्टॉप जास्त उजळ. म्हणजे नवरीचा चेहरा ट्यूबलाइटसारखा पाहिजे. योग्य एक्सपोजरच्या तीन स्टॉपहून जास्त वर. आणि त्याच मेसेजमध्ये एक ओळ आधी लिहिलंय दोन स्टॉप खाली. दोन्हीत अंतर पाच स्टॉप, म्हणजे उजेडाचा फरक 32 पट. हजारो लोकांनी पुढं ढकललं, एकाला पण दिसलं नाही की दुसरी आणि तिसरी ओळ एकमेकींच्या झिंज्या उपटतायत.

भाच्यानं काय केलं माहितीये? झेब्रा 70 ठेवला, दोन स्टॉप अंडर ठेवलं, चेहऱ्यावर पट्टे काही येईनात, मागच्या अंगणावर आले, तर त्याला वाटलं पट्टे आलेत ना कुठंतरी, झालं मग. चूक त्याची नाही म्हणणार मी, थोडी आहे, आदल्या दिवशी घरात बसून आईचा चेहरा शूट करून लॅपटॉपवर बघितला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण वीस वर्षाच्या पोरानं मेसेजवर विश्वास ठेवला हा काय गुन्हा नाही.

व्हाइट बॅलन्स ऑटो. हे नुकसान दिसायला साधं पण माझ्या तीन रात्रींतल्या दोन यानंच खाल्ल्या. मांडवाचं कापड पिवळं असलं की त्यातून गाळून येणारं ऊन पिवळं होतं. त्यात फ्रेममध्ये पिवळी साडी, पिवळी हळद, झेंडूची तोरणं. कॅमेऱ्याला काय कळतंय हळदीचा कार्यक्रम आहे ते, त्याला वाटतं उजेडच जास्त पिवळा आहे, तो निळं वाढवतो. नवरीचा क्लोजअप जांभळट. मग कॅमेरा वळला, फ्रेममध्ये अंगणातली तुळस आणि हिरवं आलं, तो परत पिवळा. मग कुणीतरी पांढऱ्या शर्टातला काका मधे आला, तिसराच रंग. काही ठिकाणी एकाच शॉटमध्ये, आजीचा हात कपाळावरून गालावर येईपर्यंत रंग बदललाय, म्हणजे त्या चार सेकंदांना मला फ्रेम-फ्रेमवर रंग बांधत बसायला लागलं. “लॉगमध्ये नंतर बदलता येतो”, नाही येत! रॉमध्ये येतो. लॉग ही रॉ नाही, हा गोंधळ सगळ्या जगात आहे. लॉगमध्ये व्हाइट बॅलन्स फाइलमध्ये भाजून निघालेला असतो. पिवळ्या उजेडात निळ्या चॅनलला मुळात खायलाच कमी मिळतं, सगळ्यात जास्त नॉइज त्याच्यातच, आणि तुम्ही नंतर ढकलणार पण त्यालाच.

उपाय काय, तर फुकटातला. मांडवात जाऊन पाटाच्या जागी पांढरा कागद किंवा ग्रे कार्ड धरायचं आणि कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यायचा, किंवा नुसतं केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) ठरवून लॉक करायचं, उन्हाला 5600 च्या आसपास, पिवळ्या हॅलोजनला 3200, मांडवात डोळ्यानं बघून मधलं काहीतरी. चुकलं तरी सगळ्या क्लिपा एकसारख्या चुकतील, एक दुरुस्त केली की सगळ्या झाल्या. आणि हो, लॉगवाल्यांसाठी त्याच मदत-पुस्तिकेत अजून एक ओळ आहे, एस-लॉग चालू असताना कस्टम व्हाइट बॅलन्स घेताना एरर येऊ शकते, म्हणून आधी दुसऱ्या गॅमावर जाऊन घ्या आणि मग परत लॉगवर या. हे एवढं उपयोगाचं वाक्य कुठल्या रीलमध्ये ऐकलंय का कुणी? मी तरी नाही.

हळदीबद्दल एक वेगळंच सांगायचं राहिलं, मेसेजमध्ये नाही पण सांगतो. ओली हळद उन्हात चमकते तेव्हा लाल आणि हिरवा चॅनल लवकर भरतात, निळा जवळजवळ रिकामा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला आलेख) नुसता उजेडाचा बघितला तर सगळं ठीक वाटतं आणि गालावरची हळद मात्र सपाट प्लास्टिकसारखी झालेली असते, आजीच्या बोटांचे ओरखडे पुसले जातात. लाल शालूचं पण तसंच, रात्री एलईडीच्या निळ्या-जांभळ्या पार लाइटचं तर विचारूच नका. अशा वेळी सॅच्युरेशन दोन-तीन टिचक्या खाली ठेवलं तर तपशील वाचतो. म्हणजे पाच नंबर मुद्दा अर्धा खरा निघाला, नाइलाज आहे.

तर पाचवा. शार्पनेस खाली, हो, बरोबर, कॅमेऱ्यातला शार्पनेस चेहऱ्यावरच्या कडांना पांढरी रेघ मारतो, ती नंतर निघत नाही. पण कॉन्ट्रास्ट तळाला? हा जुना काळ आहे. 2008 ला कॅननचा 5डी मार्क टू आला, सगळं जग त्यावर व्हिडिओ करायला लागलं, 2011 ला टेक्निकलरनं त्याच्यासाठी सिनेस्टाइल नावाची सपाट पिक्चर स्टाइल काढली आणि मग “फ्लॅट म्हणजे प्रो” हे डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हा पण 8 बिटवर गालांवर पट्टे यायचे, लोकांनी शिव्या घातल्या, विसरले, आणि आता तीच गोष्ट नवीन कपडे घालून आली.

24 फ्रेम, ठेवा बाबा, 25 ठेवा, कुणाच्या मावशीला फरक कळत नाही. शटर 1/120 मात्र नको. आपल्याकडं वीज 50 हर्ट्झची, ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, 1/120 वर हॉलमध्ये पडद्यावरून काळे पट्टे सरकत जातात. 1/120 हा 60 हर्ट्झवाल्या अमेरिकेचा आकडा. आपण 1/50 किंवा 1/100. एवढं एक पाठ केलं तरी रिसेप्शनचं निम्मं फुटेज वाचेल.

आणि दुपारच्या वरातीत लॉग लावणाऱ्यांनो, 500 आयएसओ, 1/50 शटर, एफ 2.8, आणि डोक्यावर ऊन, याला समोर साधारण आठ स्टॉपची एनडी (उजेड कमी करणारी काळी काच) लागते. आहे का? नसेल तर तुम्ही शटर 1/4000 वर नेता आणि नाचणारे वऱ्हाडी झटके आल्यासारखे दिसतात. हे मेसेजवाल्यानं सांगितलं नाही, कारण एनडी त्याच्या लिंकमध्ये विकायला नाही.

लटबद्दल एकच. लट हा ठरलेल्या प्रोफाइलचा ठरलेला हिशोब असतो. एस-लॉग3 आणि एस-गॅमट3.सिने (त्याच्या जोडीची रंगांची सेटिंग) साठी केलेला लट त्याच प्रोफाइलवर, योग्य एक्सपोजरवर बसतो. सोनीचा रेक 709 मध्ये आणणारा लट फुकट मिळतो. दोन स्टॉप अंधारातल्या, जांभळ्या-पिवळ्या झालेल्या चेहऱ्यावर 199 चा लट मारला की तो अंधारातला जांभळा चेहरा टील-ऑरेंज (निळसर-नारिंगी) होतो, बस.

मग काय वापरायचं, हे भाच्यानं पण विचारलं, जरा घुश्श्यातच. त्याच्या कॅमेऱ्याला मी सांगितलं पीपी6, सिने2 गॅमा. हायलाइट जरा हळुवार वळतात, चेहऱ्याच्या वाटणीला हात लागत नाही, आणि एडिटला जो येईल त्याला डोकं धरायला लागत नाही. नवीन मॉडेलवाल्यांना पीपी11 एस-सिनेटोन असतो, तो लावा आणि सुखानं जेवायला जा. लॉगएवढं ऊन सिने2 पकडणार नाही, मान्य, ते मागचं अंगण थोडं उडालं असतं. उडू दे ना. नवरी अंगणात बसलेली नाही. शिवाय पाट दोन हात पुढं सरकवला असता आणि डावीकडून एक थर्माकोलची शीट कुणा पोराच्या हातात धरायला दिली असती तर चेहऱ्यावर उजेड आला असता, मागचं आणि पुढचं अंतर कमी झालं असतं, आणि त्या चौदा स्टॉपांची गरजच पडली नसती. पाट सरकवायचा म्हटलं तर म्हणे भटजींना विचारायला लागलं असतं. बरं.

फुटेजचं काय झालं विचाराल. नॉइज काढायला मशीन रात्रभर चालू ठेवलं, त्यात आजीच्या सुरकुत्या पण थोड्या गेल्या. बारा क्लिपा वाचल्या, सहा फेकल्या, आणि तीन एवढ्या गेलेल्या होत्या की ब्लॅक अँड व्हाइट केल्या. हळद, ब्लॅक अँड व्हाइट! भाच्याच्या काकू फोनवर म्हणाल्या, “अहो छान झालंय सगळं, पण मधे हळद राखेसारखी का दिसतीये?” मी म्हटलं वहिनी, आर्टिस्टिक आहे. खोटं बोललो.

रविवारी भाचा येतोय पुण्याला. येताना कॅमेरा, दोन बॅटऱ्या आणि ती हळद लागलेली पिवळी साडी घेऊन ये म्हणालोय. आमच्या आईला गॅलरीत खुर्चीवर बसवतो, खांद्यावर साडी, मागं समोरच्या बिल्डिंगवरचं ऊन, आणि पीपी6, पीपी8 अंडर, पीपी8 दीड स्टॉप वर, असं तीनदा शूट करून शेजारी-शेजारी लावतो टीव्हीवर. आईनं एकच अट घातलीये, हळद खरी लावायची नाही, डाग जात नाहीत.